टाकी भरलेली, काटा अर्ध्याच्या खाली

वाचकांचे प्रश्न, गाडीच्या वायरिंगबद्दल

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी जुनी पेट्रोल पिकअप आहे, वय वीस वर्षांच्या पुढे. टाकी एकच, प्लास्टिकची, हौद्याखाली चासीच्या डाव्या अंगाला. मीटरमध्ये साधा काटा. चावी ऑन केली की तो सावकाश वर चढतो, पूर्वीपासूनच. दोन वर्षांपूर्वी तो चळला. खडबडीत रस्त्याला लागलं की हळूहळू वर जायचा, चांगल्या रस्त्यावर पुन्हा खाली यायचा. पावसाळ्यात जास्त. आता टाकी गळ्यापर्यंत भरली तरी अर्ध्याच्या जरा खालीच थांबतो. मेकॅनिकने टाकी उतरवून आतलं युनिट नवीन बसवलं. फरक शून्य. आता तो मीटर बदलू म्हणतोय. मी सध्या किलोमीटर वहीत लिहून गाडी चालवतो. काय करावं?
— एक वाचक

उत्तर : दादा, मीटर बदलू नका. निदान आत्ता तरी नाही.

तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींवर माझी नजर थांबली. पहिली, काटा सावकाश चढतो. म्हणजे तुमचं गेज (मीटरमधलं काटा हलवणारं यंत्र) गरम होऊन चालणारं आहे. आत दोन धातूंची चिकटवलेली पट्टी असते, तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली. तारेतून करंट गेला की पट्टी तापते, वाकते आणि काट्याला ढकलते. जितका जास्त करंट, तितका काटा वर. दुसरी गोष्ट, हादरे बसले की काटा चढायचा. टाकीतलं पेट्रोल हादऱ्याने वाढत नाही. हादऱ्याने वाढतो तो एखाद्या सैल किंवा गंजक्या जोडाचा संपर्क. आणि पावसाळ्यात जास्त बिघडतं म्हणजे तो जोड टाकीच्या आत नाही, बाहेर चिखलपाण्यात आहे.

हे काम मी वडिलांच्या हाताखाली शिकले. ते गाड्यांची वायरिंग करायचे. मी नवीन असताना अशाच एका पिकअपची टाकी आम्ही दोघांनी उतरवली. अर्ध्याहून जास्त भरलेली होती. सत्तर लिटरची टाकी भरलेली असली तर नुसत्या पेट्रोलचंच वजन पन्नास किलोच्या वर जातं. ते जॅकवर डुचमळत असताना खाली झोपून पट्टे सोडायचे. सगळा दिवस गेला. युनिट बाहेर काढून मोजलं तर ते ठणठणीत. दोष निघाला चासीवर, एका बोल्टाखाली. तो बोल्ट आम्ही सकाळी टाकी सोडताना स्वतःच खोलून बाजूला ठेवला होता. संध्याकाळी वडिलांनी मला एवढंच सांगितलं की आधी काट्याला दोन्ही टोकं विचारायची, मग टाकीला हात लावायचा. तेव्हापासून मी तसंच करते, आणि तुम्हालाही पत्राने तेच करायला सांगितलं होतं. तुम्ही मनापासून सगळी मापं घेऊन पाठवलीत, त्याबद्दल आभार. बाकी वाचकांसाठी ती इथे उलगडून सांगते.

आधी मंडल, म्हणजे सर्किट, समजून घ्या. टाकीत तरंगणारा फ्लोट असतो, त्याला दांडी. दांडीच्या दुसऱ्या टोकाला एक पाकळी असते, ती रेझिस्टन्सच्या पट्टीवर सरकते. पेट्रोल कमी-जास्त झालं की रेझिस्टन्स बदलतो. हे सगळं मिळून युनिट. मीटरकडून आलेला करंट या पट्टीतून जातो आणि अर्थमधून, म्हणजे चासीच्या लोखंडातून, बॅटरीला परत मिळतो. म्हणजे काटा, वायर, युनिट आणि अर्थ अशा चार जागा. मेकॅनिकने एक बदलली, आता दुसरी बदलू म्हणतोय. उरलेल्या दोन कुणी पाहिल्याच नाहीत.

दोन्ही टोकं विचारायची म्हणजे असं. टाकीजवळ पेट्रोल गळत नाही, वास येत नाही, याची खात्री करून घ्यायची. वास असला तर चाचणी तिथेच थांबवायची, आधी गळती बंद. खात्री झाली की चावी ऑफ ठेवून युनिटकडे जाणाऱ्या वायरचं सॉकेट काढायचं, मग चावी ऑन करायची. तुमच्या गाडीत काटा एम्प्टीच्या खाली पडून राहिला. बरोबर आहे, मंडल तुटलं, करंट नाही, पट्टी गार. मग त्याच वायरला १० ओहमचा रेझिस्टर लावून दुसरं टोक चासीच्या खरवडून चकचकीत केलेल्या जागी टेकवलं. काटा चढत चढत फुलच्या रेषेवर जाऊन थांबला. बरेच जण वायर थेट चासीला लावतात. तसं केलं तर काटा फुलपाशी पोचताच वायर सोडावी लागते, नाहीतर गेजची तार जास्त तापते. रेझिस्टर मध्ये असला की ती काळजी नाही.

या एका चाचणीने तुमचं मीटर निर्दोष सुटलं. पुढून मागे येणारी वायरही सुटली. म्हणूनच म्हटलं, मीटर बदलू नका.

आता मागची बाजू. टाकी फुल, चावी ऑफ, बॅटरीची मायनस वायर काढलेली, सॉकेट सुटलेलं. युनिटच्या झाकणावरून तुमच्याकडे दोन वायरी खाली येतात. एक सॉकेटमधून मीटरकडे, दुसरी काळी, थिंबल (तारेच्या टोकाला बसवायची धातूची कडी) मारून चासीला बोल्टने आवळलेली. टाकी प्लास्टिकची असल्याने ही काळी वायर हाच युनिटचा एकमेव अर्थ. मल्टिमीटरची एक सुई मीटरकडे जाणाऱ्या वायरच्या युनिटकडच्या टोकावर आणि दुसरी काळ्या वायरच्या थिंबलवर ठेवली तेव्हा आले ११ ओहम. दुसरी सुई थिंबलवरून उचलून चासीच्या चकचकीत जागी ठेवली तेव्हा आले ३४. आणि थिंबल ते चासी एवढंच मोजलं तर २३. दोन बोटांच्या अंतरात २३ ओहम! तिथे मोजण्याइतकं काही यायलाच नको होतं.

तुमच्यासारख्या गाड्यांत युनिट साधारण १० ओहमला फुल आणि ७३ ला एम्प्टी सांगतं. जुन्या फोर्ड आणि क्रायस्लर गाड्यांचाही हिशेब हाच. युनिट खरं बोलत होतं, ११. पण गेजला ऐकू येत होतं ३४, म्हणजे अर्ध्याच्या खाली. नवीन युनिट टाकलं तरी हे २३ ओहम जागच्या जागी राहिले, म्हणून फरक शून्य.

मग तुम्ही तो बोल्ट खोललात आणि फोटो पाठवलात. थिंबलची वरची बाजू बऱ्यापैकी दिसतेय, त्यामुळे कुणालाही तो जोड चांगला वाटला असता. खालची बाजू मात्र तपकिरी, पापुद्रे सुटलेली. तांब्याची तार जिथे थिंबलमध्ये शिरते तिथे हिरवा कळंक चढलाय. चासीवर बोल्टाच्या भोवती रंगाचं पूर्ण वर्तुळ शाबूत आहे, म्हणजे थिंबल कधी धातूवर बसलंच नव्हतं. इतकी वर्षं करंट फक्त बोल्टाच्या आट्यांमधून जात होता, आणि आट्या गंजल्या. टाकी उतरवताना मेकॅनिकने हा बोल्ट खोललाच असणार. तसाच पुन्हा आवळला.

दुरुस्ती अशी करा. थिंबल कापून टाका. वायरचं इन्सुलेशन मागे सोलत जा, आतली तार लखलखीत तांबडी दिसेपर्यंत. काळी पडलेली तार शिल्लक ठेवू नका. नवीन थिंबल दाबून घट्ट बसवा. सोल्डरिंग करू नका, टाकीच्या जवळ तापलेलं सोल्डरिंग आयर्न नको. चासीवर थिंबलच्या आकाराएवढी जागा पॉलिश पेपरने उघडी करा, आट्या तारेच्या ब्रशने साफ करा, दातेरी वॉशर घाला, आवळा. आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन चोपडा. आधी धातूला धातू भिडू द्या, ग्रीसचं काम फक्त पाणी बाहेर ठेवायचं आहे.

तुम्ही हे सगळं करून पुन्हा मोजलंत, थिंबल ते चासी ०.२. त्यातलाही बराचसा मल्टिमीटरच्या वायरींचाच असतो. दोन्ही सुया एकमेकींना टेकवून पाहा. काटा आता फुलला जातोय हे वाचून मला मनापासून बरं वाटलं.

दोन गोष्टी राहिल्या. काढलेलं जुनं युनिट फेकलं नसेल तर बाकावर ठेवून मोजा. दांडी खालून वर सावकाश नेताना आकडा ७३ च्या आसपासून १० कडे न अडखळता उतरत गेला, तर ते चांगलं आहे. पुसून, पिशवीत बांधून ठेवा, पुढे उपयोगी येईल. आणि दुसरी गोष्ट सगळ्याच वाचकांसाठी, कारण इथे माणसं रस्त्यात अडकतात. काही गाड्यांत हिशेब उलटा असतो. जनरल मोटर्सच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत ० ओहम म्हणजे एम्प्टी आणि ९० म्हणजे फुल. तिथे अर्थमध्ये असेच २३ ओहम शिरले, तर कोरडी टाकी पाव भरलेली दिसेल. तुमच्या गाडीने कमी दाखवलं, तुम्ही लवकर पेट्रोल भरत राहिलात. तो माणूस मात्र रात्री कुठेतरी उभा राहील. म्हणून युनिट विकत घेताना त्यावरचे ओहमचे आकडे बघूनच घ्या. व्हीडीओ (VDO) कंपनीच्या जातीचं युनिट एम्प्टीला १० आणि फुलला १८०, युनिव्हर्सल म्हणून मिळणारं बरेचदा उलट्या दिशेने, एम्प्टीला २४० आणि फुलला ३३. भोकं जुळली, झाकण बसलं म्हणजे युनिट जुळलं असं नसतं.

प्रश्न : ताई, माझ्या पिकअपमध्ये ब्रेक दाबला की पेट्रोलचा काटा टचकन वर उडतो. ब्रेक सोडला की परत येतो. ब्रेक मारताना टाकीत पेट्रोल पुढे-मागे हलतं म्हणून असेल असं सगळे सांगतात. अर्थ मी ओहमवर तपासला, शून्यासारखाच दाखवतो.
— ट्रॉली ओढणारा एक वाचक

उत्तर : गाडी उभी असताना ब्रेक दाबून पाहा. उभ्या गाडीत पेट्रोल हलत नाही. तरीही काटा उडाला, तर कारण वायरिंगमध्ये आहे.

बहुतेक तुमच्या मागच्या दिव्यांचा आणि टाकीच्या युनिटचा अर्थ एकाच बोल्टावर आहे. ब्रेकचे दोन बल्ब प्रत्येकी २१ वॅटचे, टेल लॅम्पचे आणि नंबर प्लेटचा मिळून आणखी १५ वॅट. हे सगळे लागले की १२ व्होल्टवर जवळजवळ पाच अँपिअर त्या बोल्टातून परत जातात. बोल्टाशी फक्त ०.२ ओहमचा गंज असला, तरी पाच गुणिले ०.२ म्हणजे एक व्होल्ट तिथे अडकतो. युनिटचा पाय जमिनीवर न राहता एक व्होल्ट उंच उचलला जातो आणि गेजला वाटतं टाकीत काहीतरी वाढलं. तुमचा काटा वर उडतो त्याअर्थी तुमच्याकडे ० ते ९० सारखा हिशेब असावा. आधीच्या पत्रातल्या गाडीत तो खाली पडला असता.

ओहमवर हे सापडणार नाही. मल्टिमीटर अगदी बारीक करंट सोडून मोजतो, त्याला ०.२ ओहम आणि शून्य जवळपास सारखेच. हा दोष भार टाकल्यावरच बोलतो. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर घ्या. काळी सुई लांब वायरीने बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर, क्लॅम्पवर नाही. लाल सुई मागच्या अर्थच्या थिंबलवर. कुणालातरी दिवे लावून ब्रेक दाबायला सांगा. दहावा हिस्सा व्होल्ट दिसला तर चालेल. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर दोष सापडला. मग सुई थिंबलवरून चासीवर, चासीवरून इंजिनाच्या अर्थपट्टीवर अशी पुढे पुढे सरकवत न्या. जिथे आकडा एकदम उतरतो, त्याच्या मागचाच जोड वाईट. ट्रॉलीचं सॉकेट नंतर बसवलेलं असेल, तर तिथली अर्थची वायर आधी बघा. ट्रॉलीच्या दिव्यांचा भारही त्याच बोल्टावर टाकलेला मी कितीदा पाहिलाय.

प्रश्न : माझी पिकअप नव्या पद्धतीची, कॉम्प्युटरवाली, पेट्रोल, पंप टाकीच्या आत. फुलपासून अर्ध्यापर्यंत काटा छान उतरतो. अर्ध्याच्या खाली गेला की कधी एकदम पडतो, कधी चाळवतो, मीटरमध्ये इंधनाचा दिवा लागतो. पावच्या खाली पुन्हा नीट. स्कॅनरला पी०४६३ कोड येतो. वायर अर्थला टेकवून बघू का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : नाही ताई, तुमच्या गाडीत वायर अर्थला टेकवू नका, आणि १२ व्होल्ट तर कुठल्याच गाडीत युनिटच्या वायरला देऊ नका. जुन्या गाडीत वायर सरळ काट्याला जाते. तुमच्याकडे ती कॉम्प्युटरकडे जाते, तो हिशेब करून काट्याला सांगतो.

पी०४६३ म्हणजे इंधन पातळीच्या सिग्नलचा व्होल्टेज असायला हवा त्याहून जास्त. बहुतेक गाड्यांत मंडल मध्येच तुटलं की असं होतं. कोड तुम्हाला टाकीत किती पेट्रोल आहे ते सांगत नाही, फक्त वायरीवर काय चाललंय तेवढं सांगतो. पण तुमचं स्वतःचं निरीक्षण कोडपेक्षा मोलाचं आहे. दोष ठराविक उंचीलाच येतो आणि त्याच्या वर-खाली सगळं नीट. वायर किंवा अर्थ खराब असता तर त्याने पातळी बघितली नसती. पातळी बघून बिघडणारी वस्तू एकच, टाकीतल्या युनिटची पट्टी.

मी अशा पट्ट्या भिंग लावून पाहिल्या आहेत. सिरॅमिकच्या तुकड्यावर बारीक धातूच्या रेघा एकाशेजारी एक, शिडीच्या पायऱ्यांसारख्या, आणि त्यांवरून पाकळीचे दोन टोकदार पाय फिरतात. फुलच्या आणि एम्प्टीच्या टोकाला रेघा कोऱ्या दिसतात. मधल्या पट्ट्यात मात्र पायांनी दोन चर पाडलेले असतात, काही रेघा पार कापल्या गेलेल्या. माणसं टाकी बहुतेक वेळ जिथे ठेवतात, तिथेच पट्टी झिजते. रस्त्याच्या प्रत्येक हादऱ्याला फ्लोट डुलतो आणि पाकळी त्याच चार रेघांवर पुढे-मागे घासत राहते. कधीकधी रेघा कापलेल्या नसतात, नुसत्या काळ्या पडलेल्या असतात. संपर्काच्या धातूत चांदी असते आणि पेट्रोलमधलं गंधक चांदीला काळं करतं. काळेपणा असेल तर साफ करून काही दिवस निघतात. चर पडला असेल तर युनिट बदलणं हाच मार्ग.

खात्री करायची असेल तर स्कॅनरवर कोड बघून थांबू नका, लाइव्ह डेटामध्ये (स्कॅनरवर क्षणाक्षणाला बदलत दिसणारे आकडे) इंधनाची टक्केवारी किंवा व्होल्टेज लावून ठेवा आणि टाकी अर्धी असताना, दुसऱ्या कुणालातरी चालवायला देऊन, गाडी फिरवा. आकडा ५० वरून थेट टोकाला उडी मारून परत येताना दिसेल. सॉकेटच्या पिना आणि वायर एकदा हलवून बघा. त्या हलवल्याने आकडा हलला नाही तर युनिटच.

आता ते बाहेर कसं काढायचं. पिकअपच्या मालकांना एक सोय असते, ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. टाकी खाली उतरवण्याऐवजी हौदा वर उचलता येतो. बहुतेक पिकअपचा हौदा चासीला सहा किंवा आठ बोल्टांनीच धरलेला असतो. भरण्याच्या नळीचे स्क्रू, मागच्या दिव्यांचं सॉकेट आणि हौद्याची अर्थपट्टी सोडवायची. एका बाजूचे बोल्ट काढून दुसऱ्या बाजूचे ढिले केले, की दोन-तीन माणसं हौदा कलता करू शकतात. खाली भक्कम लाकडाचे ओंडके लावल्याशिवाय कुणी आत हात घालायचा नाही. बोल्टांना आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. टाकीचं तोंड समोर, उजेडात, छातीच्या उंचीवर येतं. झोपून, डोक्यावर पेट्रोल धरून काम करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

बॅटरीची मायनस काढा. त्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे पाइपातलं प्रेशर उतरेल. झाकणाभोवतीची सगळी माती ब्रशने आणि हवेने साफ करा, नंतर ती टाकीत पडते आणि पंप खाते. लॉक रिंग (झाकण आवळून धरणारी कडी) लोखंडी छिन्नी-हातोडीने ठोकू नका, ठिणगी पडते. पितळेचा तुकडा किंवा लाकूड घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली जमिनीवर पसरत जाते, म्हणून जागा उघडी हवी, जवळपास हीटर, वेल्डिंग, बल्बचा हँडलॅम्प काही नको. पेट्रोलच्या आगीला चालणारं विझवण्याचं सिलिंडर हाताशी ठेवा. युनिट बाहेर काढताना दांडी वाकवू नका, फ्लोट तिरका करून काढा. झाकणाखालची रबरी ओ-रिंग नवीनच बसवा, जुनी फुगलेली असते, परत खाचेत बसत नाही आणि नंतर टाकी भरली की वरून पाझरते.

जुन्या गाडीच्या वाचकांनी युनिट बाहेर आलंच आहे तर पितळी फ्लोट कानाशी धरून हलवून बघावा. आत पेट्रोल खळखळलं तर त्याला सूक्ष्म भोक आहे. तो बुडतो आणि टाकी भरलेली असली तरी काटा तळाशी राहतो. असा फ्लोट डाग देऊन बुजवायला जाऊ नका. आतली वाफ पेट घेते. नवीन घ्या.

आणि टाकी रिकामी करायची वेळ आली तर तोंडाने नळी ओढू नका, कुणालाही ओढू देऊ नका. घोटभर पेट्रोल चुकून फुप्फुसात गेलं की माणूस गंभीर आजारी पडतो. हातपंप वापरा. कुणी गिळलंच, तर उलटी करवू नका, सरळ दवाखान्यात न्या.

प्रश्न : जुनी पिकअप. पेट्रोलचा आणि पाण्याच्या तापमानाचा, दोन्ही काटे एकाच दिवशी वर टोकाला गेले. इंजिन तापलेलं वाटत नाही. दोन्ही युनिट एकदम कशी गेली?
— एक वाचक

उत्तर : ती गेलेली नाहीत. दोन काटे एकाच वेळी बिघडले तर दोघांना जे समाईक आहे ते बघायचं. गरम होऊन चालणाऱ्या गेजना बऱ्याच जुन्या गाड्यांत सरळ १२ व्होल्ट देत नाहीत. मीटरच्या मागे एक छोटी डबी असते, व्होल्टेज लिमिटर. तो संपर्क जोडत-तोडत सरासरी पाच व्होल्टच्या आसपास पुढे सोडतो. त्याचा संपर्क चिकटला, किंवा त्या डबीचाच अर्थ सुटला, की पुरा करंट गेजना मिळतो आणि काटे टोकाला जाऊन बसतात. टेस्ट लॅम्प लिमिटरच्या बाहेरच्या टोकाला लावा. चांगला असेल तर दिवा लुकलुकतो, चिकटला असेल तर एकसारखा जळतो.

हे काम पुढच्या आठवड्यावर टाकू नका. अशीच गाडी चालवली तर दोन्ही गेज जळतील. आणि इंजिन खरंच तापलं तरी तो काटा तुम्हाला काही सांगू शकणार नाही. चालू इंजिन बंद करून, गार झाल्यावर पाण्याची पातळी एकदा डोळ्यांनी बघून घ्याच. लिमिटर बदलताना त्याच्या पायाखालची मीटरची पत्र्याची जागा घासून साफ करा.

प्रश्न : इंजिन चालू ठेवून पेट्रोल भरलं की काटा बराच वेळ जुनाच आकडा दाखवतो. गेज खराब आहे का?

उत्तर : गेज चांगलं आहे, सवय बदला. इंजिन चालू ठेवून पेट्रोल भरू नये, ते आगीच्या दृष्टीने. काट्याच्या दृष्टीने सांगायचं तर नव्या गाड्यांत कॉम्प्युटर फ्लोटचं डुलणं काट्याला दाखवत नाही, बऱ्याच वेळची सरासरी काढून दाखवतो. चावी ऑफ करून पुन्हा ऑन केली की तो नव्याने वाचतो.

प्रश्न : पहिली अर्धी टाकी खूप किलोमीटर चालते, दुसरी अर्धी बघता बघता संपते. काट्याचा अर्धा हा खरा अर्धा असतो का?

उत्तर : बहुतेक गाड्यांत नसतो, आणि यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. टाकी चौकोनी डबा नसते. चासीला, ॲक्सलला जागा देत देत ती वाकडीतिकडी घडवलेली असते, कुठे रुंद, कुठे अरुंद. फ्लोटला फक्त उंची कळते, लिटर कळत नाहीत. शिवाय टाकी काठोकाठ भरली की वरचे काही लिटर जाईपर्यंत फ्लोट छताला टेकलेलाच राहतो, म्हणून काटा सुरुवातीला हलत नाही.

आपल्या गाडीचा खरा हिशेब एकदाच काढून ठेवा. टाकी जवळजवळ संपली असताना, गाडी सपाट जागी उभी करून, पाच-पाच लिटर मोजून भरा. दर वेळी चावी ऑफ-ऑन करा, काटा स्थिर होऊ द्या आणि तो कुठे थांबला ते कागदाच्या बारीक पट्टीवर पेन्सिलने खूण करून लिहा. माझ्या स्वतःच्या पिकअपच्या मीटरशेजारी अशी पट्टी आहे. तिच्यावर काट्याच्या अर्ध्यासमोर २६ लिटर लिहिलंय, टाकी ६५ ची आहे.